माझ्या जीपने ओढलेली होडी

त्या बाईला मी गाडीतून उतरवलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ऊन चांगलंच तापलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे घडलं त्यात मी भला माणूस वाटायला लागेन, आणि मी तेवढा भला नव्हतो.

मी तलासरी तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावचा. घरी भात, नागली, थोडी वरी. तेवढ्यावर सगळ्यांचं भागत नाही म्हणून मी गाडी शिकलो आणि गेली चौदा वर्षं तलासरी ते बोर्डी पॅसेंजर जीप चालवतो. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला समुद्र, मधे चिकूच्या वाड्या. गाडीत आमच्याकडचे लोक आपल्या बोलीत बोलतात, बोर्डीकडचे गुजरातीत, किनाऱ्यावरच्या बायका त्यांच्या बोलीत. भाड्यावरून भांडायची वेळ आली की मात्र सगळे मराठीत भांडतात.

सकाळच्या फेरीला बोर्डीजवळच्या बंदरावरच्या दोन-तीन मासळीवाल्या बायका तलासरीच्या बाजाराला यायच्या. टब पायाशी ठेवायच्या, वर ओलं गोणपाट. वास यायचा, पाणी गळायचं. मी गाडी रोज पुसत होतो आणि रोज मनातल्या मनात चिडत होतो. मी उतरवलेली ती म्हातारी त्यातली सगळ्यात जुनी. साठी केव्हाच ओलांडलेली, काटक, कमी बोलणारी. तिची जागा ठरलेली होती, मागच्या बाकावर दाराजवळ.

त्या दिवशी पुढच्या थांब्यावर लग्नाला निघालेलं एक कुटुंब चढलं. सहाजण, नवे कपडे, बायकांच्या डोक्यात गजरे. दोन वळणं झाली नाहीत तोच मागून ओरडा ऐकू आला. टबातलं पाणी एका बाईच्या नव्या साडीवर सांडलं होतं.

तिचा नवरा पुढे वाकून मला म्हणाला, "ड्रायव्हर, एक तर ही बाई उतरेल, नाहीतर आम्ही सहाजण उतरू. बोल."

मी गाडी फाट्यावर थांबवली. फाटा म्हणजे नुसता फाटा. ना दुकान, ना घर, एक पळस होता आणि त्यालाही पानं नव्हती. मी मागे गेलो आणि म्हणालो, "मावशी, उतरा. मागून दुसरी गाडी येते."

"मागून कुठली गाडी येते?" ती म्हणाली. "ह्या वेळेला कोण नसतं. पुढच्या गावापर्यंत तरी ने. तिथून मी बघेन माझं."

"ऐकलं ना त्यांनी काय सांगितलं ते?"

"माझंपण भाडं आहे ना?"

"तुमचं भाडं नको मला. उतरा."

टब मीच उचलून खाली धुळीत ठेवला. ती उतरली. मला वाटलं आता शिव्या घालील. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या घरी मासळी खात नाहीत का रे?"

गाडीतले लोक हसले. मी पण हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

नंतर कळलं ते असं. त्या फाट्यावर तिला दीड-दोन तास कुठलीच गाडी मिळाली नाही. मासळी उन्हात गेली. तिने ती तिथेच शेताच्या बांधाला टाकली आणि रिकामा टब डोक्यावर घेऊन बंदराकडे चालत निघाली. बरीच पुढे आल्यावर एका दूधवाल्याने तिला मोटरसायकलवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या थांब्यावर तिचे दोन मुलगे रस्त्यात उभे होते. दोघंही माझ्याएवढेच, चाळिशीतले. मोठा खिडकीशी आला आणि त्याने हात आत घालून चावी काढून घेतली.

"माझ्या आईला कुठे उतरवलीस?"

मी म्हणालो, "पॅसेंजरने तक्रार केली. मी काय करणार?"

"तू काय करणार?" असं म्हणून तो थांब्याशेजारच्या पुलाच्या कठड्यापर्यंत चालत गेला आणि त्याने चावी खाडीत भिरकावली.

ओहोटी होती. चावी पाण्यात नाही, चिखलात पडली. मी पँट गुडघ्यावर घेऊन उतरलो आणि पाऊण तास चिखल चिवडत राहिलो. माझे पॅसेंजर दुसऱ्या गाडीने निघून गेले. पुलावर त्यांच्या आळीतले पंधरा-वीस लोक उभे होते. कुणी मदत केली नाही. चावी सापडली तेव्हा धाकटा म्हणाला, "उद्यापासून इथे गाडी थांबवायची नाही."

त्या दिवसापासून वैर सुरू झालं. बंदरावरचा एकही माणूस माझ्या गाडीत बसेना. मी थांबलो तरी बायका पाठ फिरवून उभ्या राहायच्या. एकदा माझा मागचा टायर कुणीतरी फाडला. कुणी ते मला माहीत नाही, पण मी मनात नाव ठरवून टाकलं होतं. मीही काही कमी केलं नाही. रस्त्याच्या कडेला त्यांचे बोंबील बांबूंवर वाळत घातलेले असायचे. तिथून जाताना मी मुद्दाम वेग वाढवायचो. मागे धुळीचा लोट उठायचा आणि मला बरं वाटायचं. बायका ओरडायच्या. घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तेच बोंबील मी बाजारातून आणते. तीच धूळ तू खातोस." मी तिच्यावरही डाफरलो.

अशी दोन वर्षं गेली.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आमच्याच गावातलं एक कुटुंब गाडी सांगायला आलं. त्यांचा जावई मुंबईहून आला होता, त्याला समुद्र दाखवायचा होता. मी म्हटलं, बोर्डीचा किनारा छान आहे, सुरूची झाडं आहेत, सावली आहे. पण जावयाला होड्या बघायच्या होत्या आणि ताजी मासळी घ्यायची होती. म्हणजे बंदरच. मी नाही म्हणू शकत होतो. म्हणालो नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं.

गाडी मी धक्क्यापासून लांब, सुरूंच्या सावलीत लावली. माणसं पाण्याकडे गेली. मी सीटवरच बसून राहिलो, काचा वर करून.

मासेमारी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. होड्या पाण्यातून वर घ्यायचं काम चाललं होतं. पावसाळ्याआधी सगळ्या होड्या वर ओढून, माडाच्या झापांनी आणि प्लास्टिकने झाकून ठेवतात. त्यासाठी धक्क्याला लागून काँक्रीटचा एक उतार आहे. भरतीच्या वेळी होडी उतारावर तरंगत आणायची, खाली ओंडके सरकवायचे, पुढून ट्रॅक्टरने ओढायची, दोन्ही बाजूंनी माणसांनी धरायची. हे मी लांबून कितीदा तरी पाहिलं होतं. त्या दिवशी वारा जोरात होता, पाणी उधाणाचं. तीन होड्या वर येऊन बसल्या होत्या. चौथी अर्ध्या उतारावर होती आणि हलत नव्हती.

आधी मी लक्ष दिलं नाही. मग ट्रॅक्टरचा आवाज बंद पडला आणि आरडाओरडा वाढला. ट्रॅक्टरचं काहीतरी तुटलं होतं. होडीचं नाक उतारावर आणि मागचा भाग पाण्यात. प्रत्येक लाट तिला मागून उचलायची आणि बाजूच्या दगडी भिंतीवर आपटायची. तो आवाज बंद काचेतूनही ऐकू येत होता. लोकांनी दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला गुंडाळला होता, म्हणून ती खाली गेली नव्हती. पण फळ्या किती वेळ टिकणार, हे माझ्यासारख्या डोंगरातल्या माणसालाही कळत होतं.

कुणाची होडी ते मी ओळखलं. म्हातारीचा मोठा मुलगा होडीच्या कडेला खांदा लावून कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

खरं सांगतो, मला आनंद झाला. चिखलातला तो पाऊण तास मला आठवला. मी काच थोडी खाली केली, नीट दिसावं म्हणून.

धाकट्याने मला पाहिलं. गाडीही ओळखली असणार. तो आणि आणखी चार-पाचजण वाळूतून धावत आले आणि गाडीला वेढा घालून उभे राहिले. धाकट्याने बॉनेटवर हात आपटला.

"गाडी घे धक्क्यावर."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दिसत नाही? दोर लावायचाय."

"ट्रॅक्टर बोलवा."

"दुसरा ट्रॅक्टर घोलवडला आहे. तो येईपर्यंत होडीची लाकडं होतील."

"माझी पॅसेंजर गाडी आहे," मी म्हणालो. "होड्या ओढायची नाही."

हे म्हणताना मला कसलं सुख झालं ते मी सांगू शकत नाही. त्याने दरवाजा उघडला आणि हात पुढे केला. "चावी दे. मी नेतो."

मी चावी मुठीत घट्ट धरली. "ह्या चावीला पुन्हा हात लावलास तर बघ."

"काय बघू?"

तो मला बाहेर ओढणार होता. मीही पायाखालची लोखंडी पहार चाचपली. तेवढ्यात मागून आवाज आला, "सोड त्याला."

म्हातारी आली होती. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातापायाला वाळू. दोन वर्षांत मी तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ती माझ्याशी बोललीच नाही, मुलाशी बोलली. "गाडी त्याची आहे, तो चालवील. दोर आपला आहे, आपण बांधू. त्याला नको असेल तर जाऊ दे त्याला. इथे भांडत बसलात तर होडी जाईल."

आणि ती वळून उताराकडे चालू लागली. थांबून माझं उत्तरही ऐकलं नाही.

तिने विनंती केली असती तर मी नाही म्हणालो असतो असं मला वाटतं. धमकी दिली असती तरी. पण तिने मला हिशोबातच धरलं नाही, आणि ते मला सोसवेना. मी गाडी सुरू केली.

"बाजूला व्हा," मी म्हणालो. "पण मी सांगेन तसं करायचं. माझ्या गाडीला काय सोसतं ते मला कळतं."

धाकटा म्हणाला, "तुला काय कळतं ते आम्हाला माहीत आहे." पण बाजूला झाला.

बंद पडलेला ट्रॅक्टर माणसांनी ढकलून कडेला घेतला. मी जीप मागे मागे घेत उताराच्या तोंडाशी आणली. काँक्रीटवर हिरवं शेवाळ होतं. मागची चाकं त्यावर आली तशी गाडी साबणावर ठेवल्यासारखी वाटली. मी ओरडून सांगितलं की दोर बंपरला नको, खाली चासीला बांधा. मोठा पाण्यातून वर आला होता. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दोर बंपरलाच बांधला.

"चासीला म्हणालो मी!"

"लहानपणापासून दोर बांधतोय आम्ही. तू फक्त पाय दाब."

मी पाय दाबला. माझ्याही अंगात राग होता, म्हणून जरा जास्तच दाबला. जीपने एक हिसका दिला आणि मागचा बंपर उखडून दोरासकट उतारावर जाऊन पडला. दोर एवढ्या जोरात मागे गेला की होडीपाशी उभ्या असलेल्या एका माणसाच्या कानाशेजारून गेला. खुंट्याचा दुसरा दोर तेवढा होता, त्यावर होडी लटकून राहिली.

मी खाली उतरलो. मोठ्याकडे गेलो. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. "माणूस मेला असता," मी म्हणालो. "माझ्या गाडीने मेला असता. चासीला म्हणालो ना मी?"

त्याने बंपरची गाठ सोडली, आडवा झाला, जीपखाली सरपटत गेला आणि दोर चासीला बांधला. तो खाली असताना त्याचे फक्त पाय दिसत होते. गाडी उतारावर होती आणि हँडब्रेकवर होती. त्याने माझ्या हँडब्रेकवर जीव ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. मी पटकन वर चढून ब्रेकवर पाय दाबून बसलो.

दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा बंपरचा प्रश्न नव्हता, पण चाकं जागच्या जागी फिरायला लागली. रबर जळल्याचा वास. चाकांखाली वाळू टाकली, गोणपाटं टाकली. गोणपाटं चाकांनी मागे फेकून दिली. होडी हातभरसुद्धा हलली नाही आणि पुढच्या लाटेने पुन्हा भिंतीवर आदळली. या वेळी लाकूड तडकल्याचा आवाज स्पष्ट आला.

"वजन कमी पडतंय," मी म्हणालो. "मागच्या चाकांवर वजन पाहिजे. मागे माणसं भरा."

"माणसं होडीला लागतात," धाकटा म्हणाला. खरंच होतं. पुरुष सगळे होडीच्या बाजूंना आणि ओंडक्यांपाशी होते.

धक्क्यावर बायका उभ्या होत्या. दहा-बारा असतील. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोन वर्षं ज्यांच्या बोंबलांवर मी धूळ उडवत होतो, ज्या माझ्या गाडीकडे पाठ करून उभ्या राहायच्या, त्यांना आता बसा म्हणायचं. मी म्हणालो ते इतक्या हळू की कुणाला ऐकूही गेलं नसेल.

म्हातारीला गेलं. ती म्हणाली, "मोठ्याने बोल. वाऱ्यात ऐकू येत नाही."

"मागे बसा सगळ्याजणी!" मी ओरडलो. "वजन पाहिजे!"

"आमच्या अंगाला मासळीचं पाणी आहे," एकीने म्हटलं. तिच्या बाजूच्या दोघी हसल्या. ते हसणं गोड नव्हतं.

"बसा," म्हातारी त्यांना म्हणाली. "टोमणे नंतर मारा."

त्या चढल्या. मागच्या दोन बाकांवर, मधल्या जागेत, एकमेकींच्या मांडीवर. ओल्या साड्या, वाळूचे पाय. सीट कव्हर मी त्याच महिन्यात नवं घातलं होतं. गाडी मागून खाली बसली. म्हातारी सगळ्यात शेवटी आली आणि दाराजवळच्या तिच्या जुन्या जागी बसली. कुणीतरी तिच्यासाठी ती जागा रिकामी ठेवली होती.

मी पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडला. दोर ताणला. चाकं एकदा घसरली, मग त्यांनी पकड घेतली. बाहेर माणसांनी एकदम सूर धरला, ओढीच्या तालावर. गाडी पुढे सरकली. वीत, मग हात, मग दोन हात. होडीचं नाक पहिल्या ओंडक्यावर आलं.

आणि मग मोठी लाट आली. मला ती दिसली नाही. लाटेने होडी मागून उचलली तेव्हा दोर ढिला पडला, आणि लाट परत जाताना तिने होडीला खाली ओढलं. सगळं ओझं एका झटक्यात गाडीवर आलं. जीप मागे जायला लागली. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक खेचला. चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. शेवाळावरून सरकत ती पाण्याकडे निघाली.

"उतरा!" मी ओरडलो. "उड्या मारा!"

मागे किंचाळ्या. कुणीतरी दाराची कडी काढली. तेवढ्यात म्हातारीचा आवाज आला, "कोणी उतरायचं नाही! वजन गेलं की गाडी पण गेली. बसा खाली."

तिने दार आतून ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बसली. एकही बाई उतरली नाही. बाहेर मोठा धावत आला, त्याच्या छातीशी एक दगड होता, दोघांनी उचलावा एवढा. त्याने तो मागच्या चाकाखाली टाकला. चाक दगडावर चढलं, पुन्हा खाली आलं, आणि थांबलं. धाकट्याने दुसऱ्या चाकाखाली ओंडका घातला. होडीची माणसं ओरडत होती, "आता! आता!"

पुढची लाट होडीला उचलत होती. दोर ढिला होतोय तोच ओढायचं, हे मला त्या क्षणी कळलं. मी क्लच सोडला. यावेळी गाडी थांबली नाही. इंजिन रडत होतं, क्लच जळत होता. मागे बायका माणसांच्या तालात ओरडत होत्या. उताराचं तोंड आलं, पुढची चाकं सपाटीवर गेली, मग मागची. मी तरी ओढतच राहिलो. शेवटी मोठ्याने बॉनेटवर थाप मारली तेव्हा कळलं की होडी केव्हाच वर आली होती.

इंजिन बंद केलं.

बायका उतरल्या. कुणी माझ्याकडे पाहिलं, कुणी नाही. जिने टोमणा मारला होता तिने उतरताना सीट हाताने झटकली, आणि ती टोमण्याचीच पुढची गोष्ट होती की नाही ते मला कळलं नाही. पुरुष होडीभोवती जमले. भिंतीकडच्या बाजूच्या तीन फळ्या तडकल्या होत्या. तीन फळ्या म्हणजे काहीच नाही, असं एकजण म्हणत होता. माझ्यासोबत आलेला जावई मोबाईलवर हे सगळं टिपत उभा होता.

मोठा माझ्याकडे आला. त्याच्या छातीवर दगडाने खरचटलं होतं, रक्त येत होतं.

"क्लच गेला का?"

"गेला असणार."

"डहाणूला गॅरेज आहे."

"माहीत आहे मला."

त्याला आणखी काही बोलायचं होतं, किंवा मलाच तसं वाटत होतं. मग तो वाकला, माझा बंपर उचलला, गाडीच्या टपावर ठेवून दोरीने बांधून दिला आणि निघून गेला.

म्हातारी धक्क्याच्या कडेला बसून पायाची वाळू धूत होती. मी तिच्याकडे गेलो. का गेलो? इतक्या सगळ्यानंतर आता बोलणं सोपं जाईल, असं मला वाटलं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं."

ती पाय धूतच राहिली. मग म्हणाली, "हे आज सांगतोस?"

"आधी सांगायला पाहिजे होतं."

"आधी म्हणजे कधी? दोन वर्षं तू रोज ह्या रस्त्याने जातोस. माझे बोंबील धुळीत घालून जातोस. तेव्हा चुकत नव्हतं?"

मी टपावर बांधलेल्या बंपरकडे बघितलं.

"त्या दिवशी सहाजणांचं भाडं होतं, म्हणून मी उतरले," ती म्हणाली. "आज आमचं वजन लागलं, म्हणून आम्ही बसलो. तू माणूस कधी बघतोस?"

मी म्हणालो, "आज मी गाडी आणली ना?"

हे म्हणायला नको होतं. तोंडातून निघालं तेव्हाच कळलं. तिने हातातला तांब्या खाली ठेवला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "आणलीस. होडी वाचली. माझे मुलगे ते मानतील. मी माझं वेगळं ठेवते."

ती उठली आणि घराकडे चालू लागली.

गाडी डहाणूला पोहोचेपर्यंतच क्लचने जीव सोडला. चार दिवस ती गॅरेजमध्ये पडून राहिली. गावी मी ही गोष्ट ज्याला-त्याला सांगितली, आणि सांगताना चावीचा भाग मोठा व्हायचा, फाट्याचा भाग लहान. बायकोने एकदा सगळ्यांसमोर मला दुरुस्त केलं. मग मी सांगणं बंद केलं.

पावसाळ्यानंतर मासेमारी पुन्हा सुरू झाली तेव्हा बंदराच्या थांब्यावर दोन बायका माझ्या गाडीत चढल्या. काही न बोलता, टब पायाशी ठेवून. हळूहळू आणखी आल्या. मी टबांखाली घालायला रबराची जाड चटई आणली. कुणी तक्रार केली तर मी आता सांगतो की मासळी तलासरीपर्यंत जाणार, ज्यांना नको त्यांनी मागच्या गाडीने यावं. दोनदा माणसं खरंच उतरली. एकदा माझं एका माणसाशी हातघाईवर आलं. मला ह्यात फार मोठेपणा वाटत नाही. गाडीत चढणाऱ्या माणसाला तो जायचा तिथे पोहोचवायचं, हे काम मी दहा-बारा वर्षांनी शिकलो.

मुलगे रस्त्यात भेटतात. मोठा मान हलवतो, धाकटा तेवढंही करत नाही.

म्हातारी अजून बाजाराला जाते. माझ्या गाडीने नाही. दुसऱ्या जीपची वाट बघत उभी राहते. गेल्या वर्षी भाद्रपदात एकदा पाऊस कोसळत होता. थांब्यावर ती एकटीच होती आणि मला माहीत होतं की मागे बराच वेळ दुसरी गाडी नाही. मी थांबलो, उतरलो, मागचं दार उघडलं. दाराजवळची जागा रिकामी होती.

"मावशी, बसा. मागे गाडी नाही."

तिने छत्री जराशी वर केली. "तुझ्या गाडीत मी आता बसणार नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. गाडीचा रंग सांगावा तसं तिने सांगितलं. "होडीसाठी बसले, ते झालं. तू जा, तुझी माणसं भिजताहेत."

आतून कुणीतरी दार लावा म्हणून ओरडलं. मी दार लावलं आणि निघालो.